केळीच्या सालीचं क्रीम आणि काळी बोटं

खून, दरोडे यांचे तपास मी बरेच केले. पण नांदेडमधली क्रीमची ती चोरी आठवली की अजूनही हसू येतं.

एका सकाळी अर्धापूरची एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. ती फार्मसी कॉलेजात संशोधन करत होती. केळीच्या सालीच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म नॅनोकण तयार करायचे आणि ते मुरुमांच्या क्रीममध्ये वापरायचे, हा तिचा विषय. कुणीतरी प्रयोगशाळेचं कुलूप तोडून क्रीमच्या सगळ्या डब्या नेल्या होत्या. तोंडी परीक्षा तोंडावर आली होती.  वडील म्हणाले, "आमच्याच बागेतली केळी हायेत साहेब. लेकरू कालपासून जेवलं न्हाई."

फिर्याद नोंदवून पंचनाम्याला गेलो. टेबलावर चांदीचे कण बनवायच्या सिल्व्हर नायट्रेटची बाटली लवंडलेली होती. मी हात पुढे करताच मुलीने अडवलं. हे द्रावण लागलं की उजेडात कातडी काळी पडते, धुऊन जात नाही, असं तिने सांगितलं. बीट हवालदाराने मग बाजारात सगळीकडे काळ्या बोटांचा माणूस दिसला तर कळवायला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईंचा फोन आला. त्यांना क्रीम पुरवणारा विक्रेता बोटांवरचे डाग काढायला काहीतरी मागत होता.

ठाण्यात आणल्यावर तो म्हणाला, डांबर लागलंय. मी त्याला चहा पाजला आणि पेट्रोलचा बोळा हातात दिला. डांबर असतं तर निघालं असतं. घासून घासून तो दमला आणि मग बोलू लागला. कॉलेजात माल पोचवताना त्याने या क्रीमचं ऐकलं होतं. स्वतःचं लेबल लावून लग्नसराईत ते विकायचा त्याचा बेत होता.

"तू लावून बघितलंस का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. तोंडाला काही झालं म्हंजे?"

डब्या त्याच्या घरी जशाच्या तशा मिळाल्या. कोर्टाच्या परवानगीने मुद्देमाल मुलीला परत दिला. पास झाल्यावर ती पेढे घेऊन आली, तेव्हा आमच्या महिला शिपायांनी तिच्याकडे एकेक डबी मागितली.

"अजून चाचण्या बाकी हायेत मॅडम," ती म्हणाली. "आईलाबी दिली न्हाई मी."

त्या विक्रेत्याने स्वतःला जपून गावाला विकायचं ठरवलं होतं. तिने मात्र घरच्यांनाही हात लावू दिला नव्हता. माणूस ओळखायला तेव्हापासून मी एवढंच बघत आलो, की तो दुसऱ्याच्या जिवाला किती जपतो.