उकिडवी

बोईसरपासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक बाईला मी अकरा वर्षं एकच हुकूम सोडत आले: टेबलावर चढ, उताणी झोप. पाड्यावरच्या बायका कळा वाढल्या की खाली उतरून उकिडव्या बसू पाहायच्या आणि मी त्यांना ओरडून वर चढवायची. मला तसंच शिकवलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

मग मोबाईलवर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे मोफत धडे सापडले. ओपीडी आटोपली की मी पाण्याच्या टाकीपाशी बसायची, रेंज तिथेच येते. इंग्रजी अडखळत वाचायची. एका धड्यात होतं, बाईला हवं तसं बसू द्यावं, उकिडवंसुद्धा. पुढे हेही होतं की रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, तयारी ठेवा, याबाबतचा पुरावा अजून कच्चा आहे. त्या 'कच्चा' शब्दामुळे माझा विश्वास बसला. आमच्या एकाही वरिष्ठाला 'मला नक्की ठाऊक नाही' असं म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

हे सांगितलं तेव्हा केंद्रातल्या मोठ्या सिस्टर हसल्या. "फुकटचं शिकून आता आम्हाला अक्कल शिकवणार का?"

पुढच्याच आठवड्यात बांधकामावर मजुरी करणारी एक बाई सासूबरोबर आली. कळा जोरात होत्या. तपासलं, सगळं ठीक होतं. टेबल पाहून तिने मान हलवली.

"मना निजवू नको, सिस्टर. निजून नाय होत. आमी उकिडव्याच बसतो."

"चढव तिला वर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मी नाही म्हणाले. जमिनीवर स्वच्छ चादरी अंथरल्या, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन हाताशी ठेवलं. सासूने तिला मागून धरलं, मी समोर गुडघे टेकून बसले. भीती वाटत होती. काही बिनसलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि तिचा जीवही.

थोड्या वेळाने मुलगी झाली, लगेच रडली. रक्त बेताचंच गेलं. सासू माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्ये आमाला ठावं व्हतं. तू कुठं शिकली?" मी मोबाईल दाखवला तर ती खुदकन हसली.

चार दिवसांनी तालुक्याच्या साहेबांचा मेमो आला. 'स्वतःच्या मनाने प्रसूती केल्याबद्दल खुलासा द्यावा.' मी लिहिलं, 'माझ्या मनाने नाही, बाईच्या मनाने केली. नियम कोणता मोडला ते कळवावं. धडा छापून सोबत जोडला आहे. मोफत आहे, साहेबांनीही पाहावा.' खाली ठसठशीत सही केली.

साहेबांना खुलासा देणं सोपं होतं. अकरा वर्षं टेबलावर चढवलेल्या बायकांपैकी कुणी येऊन खुलासा मागितला, तर तो माझ्याकडे नाही.