आईच्या खोलीतले निळे दिवे

आई आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आली की माझ्या ऑफिसच्या खोलीत राहायची. ऑफिस म्हणायचं एवढंच, घरातली तिसरी बेडरूम ती. एका भिंतीला माझं टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा मोठा डबा, शेजारी राउटर, मोडेम आणि घरभराचे फोटो साठवणारी एक पेटी. समोरच्या भिंतीला आईचा सोफा-कम-बेड. दिवसा तिथे माझ्या मीटिंगा चालत आणि आई खाली स्वयंपाकघरात असे. रात्री खोली तिची.

आता त्या दिव्यांबद्दल. कॉम्प्युटरच्या बटणामागे निळा एलइडी बसवायचं ज्याच्या डोक्यात आलं, त्या माणसाला एकदा त्याच्याच यंत्राशेजारी झोपवायला हवं. यंत्र चालू आहे हे कळायला ठिपक्याएवढा उजेड पुरतो. ह्या कंपन्यांनी लग्नाच्या मांडवाला रोषणाई करावी तशी केलेली. राउटरवर हिरव्या-निळ्या दिव्यांची ओळ, पेटीवर लुकलुकणारे दोन, आणि डब्याचं बटण तर असं की समोरची भिंत निळी दिसायची. यंत्रं बंद करायची सोय नव्हती, कारण रात्री बॅकअप चालायचा. मी चिकटपट्टी लावून पाहिली, ती उन्हाळ्यात सुटून पडली. नेलपॉलिश लावलं, तर उजेड जांभळा झाला. शिवाय मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. चिकटपट्टी लावणं मला हार मानल्यासारखं वाटायचं.

आई नाशिकला एकटी राहते. म्हणजे राहायची. बाबा गेल्यावर दादाने पुण्याला बोलावलं, मी इकडे बोलावलं, ती दोघांनाही बधली नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. "लिफ्ट नाही म्हणून तर माझे गुडघे शाबूत आहेत," हे ती मिरवून सांगायची. सकाळी फिरायला जाणं, येताना स्वतः निवडून भाजी आणणं, दुपारी दार लावून रेडिओ ऐकत पडणं, आणि मनात येईल तेव्हा कुलूप घालून बाहेर पडणं, एवढ्यात ती सुखी होती. इकडे यायची ती परतीचं तिकीट आधी बघून. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, लेकीच्या घरी चार महिने राहताना इतकं कसलं पाहुण्यासारखं वागायचं? पण किल्ली तिच्या कमरेला होती आणि ती तिथेच राहावी एवढंच तिचं म्हणणं होतं.

आमच्या आईचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तिचं "नको". चहा घेतेस? नको. शाल आणू? नको गं. ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलांत नेलं तर "मला काही नको, तुम्ही खा" म्हणणार, आणि आपण न ऐकता मागवली की पाणीपुरीची अख्खी प्लेट संपवून वर "तिखट बरं होतं हो" म्हणणार. आम्ही लहानपणापासून शिकलो की तिचं पहिलं नको ऐकायचंच नसतं. दुसरंही नाही. पानात वाढून मोकळं व्हायचं. जावयाच्या घरात तर तिचे नको दुप्पट झाले होते. नवरा बिचारा सुरुवातीला तिचं खरं मानून गप्प बसायचा, मग मी त्याला कोपऱ्यात घेऊन समजावलं, की अरे, आग्रह कर.

तर त्या वेळी आई आली आणि दुसऱ्याच दिवशी मी विचारलं, "आई, ह्या दिव्यांचा त्रास होतो का गं?"

"नाही गं, त्रास कसला."

"झोप लागते? मी मंद करून देते. सोल्डरिंगचं सामान मागवलंय."

"नको, राहू दे. बरा पडतो मला तो उजेड."

हे शब्द तिने म्हटलेले मला लख्ख आठवतात. बरा पडतो. का बरा पडतो, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझी मुलगी तिथेच फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मॉम, शी सेड नो. जस्ट लीव्ह इट."

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "आजीचं नको म्हणजे हो असतं."

आई हसली. मी आग्रह करते आहे ह्याचं तिला बरंच वाटलं असणार.

खरं सांगायचं तर आई हे निमित्त होतं. ते दिवे मलाच कित्येक महिने खुपत होते आणि हातात सोल्डरिंगची कावीळ कधी एकदा धरते असं मला झालं होतं. कावीळ म्हणजे आमच्या कॉलेजातला शब्द, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नला. हात लावला की माणूस पिवळा पडतो म्हणून. नोकरीत मी आता नुसत्या मीटिंगा करते, हाताने काही करत नाही. शनिवारी सकाळी टेबलावर जुना टॉवेल अंथरला, राळेचा तो ओळखीचा वास खोलीभर झाला, आणि मी एकोणीस वर्षांची झाले. आई दारात उभी राहून बघत होती. "लहानपणी रेडिओ असाच उघडून बसायचीस," म्हणाली.

काम सोपं असतं. एलइडीकडे जाणाऱ्या वाटेत एक रेझिस्टर बसवायचा. रेझिस्टर जितका मोठा, तितकी वीज कमी आणि तितका उजेड कमी. डब्याच्या दिव्याची एक तार कापली, मध्ये एक हजार ओहमचा जोडला, वर नळी चढवून आवळली. उजेड उतरला, पण मनासारखा नाही. दहा हजारांचा लावला. आता तो दिवा सभ्य माणसासारखा दिसायला लागला होता. तिथे थांबायला हवं होतं. पण हात चालायला लागला की माझा हट्ट सुटत नाही. शंभर हजारांचा लावला, आणि मान वाकडी करून अगदी जवळून पाहिलं तरच काजव्याएवढं काही दिसायचं. मग राउटर उघडला, मग पेटी. तिथले रेझिस्टर मुंगीएवढे, ते बदलताना डोळ्यांत पाणी आलं, पण सोडले नाहीत. मोडेमचे दिवे त्याच्या सेटिंगमध्ये बंद करता आले. संध्याकाळी पडदे ओढले, खोलीतला दिवा घालवला आणि आईला हाताला धरून आत आणलं.

"बघ!"

बघण्यासारखं काहीच नव्हतं. हेच तर माझं यश होतं.

"वा," आई म्हणाली. "किती खटपट केलीस गं माझ्यासाठी."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती त्या खोलीत पडली. टेबलापाशी असलेल्या माझ्या चाकंवाल्या ऑफिसच्या खुर्चीत तिचा पाय अडकला. मांडीचं हाड कमरेजवळ मोडलं.

हॉस्पिटलमध्ये नर्स माहिती विचारत होती. आईला इंग्रजी कळतं, पण दुखण्याने ती मराठीतच बोलत होती आणि मी मध्ये उभी राहून सांगत होते. गोळ्या कुठल्या, आधी कधी पडल्या होत्या का, चक्कर आली का. मग नर्सने विचारलं, खोलीत दिवा होता का?

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज असायचा ना, तो निळा. त्यात बाथरूमपर्यंतचं सगळं दिसायचं. बाथरूमचा दिवा लावला की तो पंखाही घरघरायला लागतो, एकाच बटणावर आहेत दोन्ही. भिंतीपलीकडे जावईबापू झोपलेले. त्यांना पहाटेची गाडी असते. म्हणून मी कुठलाच दिवा लावत नाही."

ह्या खेपेला, आणि त्याआधीच्या दोन वाऱ्यांतही, माझी आई माझ्या घरात त्या निळ्या उजेडात चालत होती. आणि मला वाटत होतं की त्याने तिची झोप मोडते.

"व्हॉट डिड शी से?" नर्सने विचारलं.

"इट वॉज डार्क," मी म्हटलं.

एवढंच. नर्सने ते टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी आईच्या पायावरची चादर सारखी करत बसले. ती सारखीच होती.

नर्स गेल्यावर आई म्हणाली, "दादाला त्या दिव्यांचं काही सांगू नकोस हं. उगीच तुझ्यावर चिडेल. माझाच पाय घसरला म्हणावं."

आयुष्यभर तिचं नको मी कधी ऐकलं नाही. हे मात्र लगेच ऐकलं.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी घरभर रात्रीचे दिवे लावले. माणूस जवळ आला की आपोआप लागणारे. जिन्यात, पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशी. बैल गेला आणि झोपा केला. पंख्याची तारही त्याने सोडवून ठेवली. "माझ्या झोपेचं काय एवढं, यार," असं तो दोन-तीनदा स्वतःशीच बोलला. त्याला मी खरं सांगितलं होतं. त्याने मला चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटत होतं. मुलगी आजीपाशी जाऊन बसायची आणि आजी नको म्हणाली की खरंच उठून जायची.

हाडात सळई घातली. रिहॅबमध्ये आई गुणी विद्यार्थिनीसारखी वागली. वॉकर धरून पॅसेजच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, आणि तिला शिकवणाऱ्या मुलीला "थँक्यू बेटा" म्हणायची. घरी आणल्यावर तिचा बेड आम्ही खाली दिवाणखान्यात लावला. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण वॉकर सुटेल असं धरून चालू नका. जिने शक्यतो नकोत.

जिने नकोत म्हटल्यावर आमच्यातलं कोणी नाशिकचं नाव काढलं नाही. आईनेही नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे तो तिसरा मजला सारखा यायचा. आणखी एक गोष्ट होती, ती तर मी नवऱ्यालाही सांगितली नाही. आईने एकटं राहू नये असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. तिचं कुलूप, तिची किल्ली, सगळ्याचा मला राग होता. आता ते माझ्या मनासारखं झालं होतं, आणि माझ्याच हाताने.

रविवारी सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला होता, कारण आईचे दोन्ही हात वॉकरवर होते. दादा वाईट नाही. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. विमानतळावर व्हीलचेअर, पुण्यात त्याच्या घरी खालची खोली, दिवसभराला एक बाई.

"आणि नाशिकचा फ्लॅट आता भाड्याने देऊन टाकू, आई. तू आता एकटी राहायचं नाहीस."

मी वाट बघितली. मनातल्या मनात म्हणत होते, म्हण गं, नको म्हण. एकदा म्हण, ह्या वेळी मी तुझ्या बाजूने उभी राहते. दादाशी भांडते, लिफ्टवालं घर शोधते, काय वाटेल ते करते.

"हो," आई म्हणाली. "तू म्हणशील तसं. कढीपत्त्याची कुंडी तेवढी शेजारच्या बाईंना दे, त्या पाणी घालतील."

पहिल्याच झटक्यात हो. कोणी आग्रह न करता. असं मी तिला आयुष्यात कधी बोलताना ऐकलं नव्हतं. दादाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो कॅमेऱ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "बरं. पण आई, तू दिवा न लावता उठलीसच कशी? तुझ्यासारख्या माणसाने असं करावं?"

"चुकलंच रे माझं," आई म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात माझा चेहरा दिसत होता. दादा, दिवे मी घालवले, एवढंच वाक्य होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं.

"दादा, आईच्या जेवणाची वेळ झाली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.