बंदुकीच्या दोन ओळी

"या बंदुकीच्या दोन ओळी काढ," डॉक्टरकाका म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत माझ्या कागदावर त्यांनी पेन फिरवलंसुद्धा.

ओहायोच्या विधिमंडळात, समितीच्या खोलीबाहेर, बाकावर बसलो होतो आम्ही. आत एका बिलावर सुनावणी होती. बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला डॉक्टरकडे मरणाचं औषध मागता यावं, असं बिल. डॉक्टरकाका इथल्याच डब्लिन नावाच्या उपनगरातले. रिटायर्ड सर्जन, मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, बिलाच्या बाजूच्या गटाचे पुढारी. मी त्यांनी आणलेली साक्षीदार.

"कायदाबियदा मी बघतो. तू फक्त खोली कशी पुसलीस ते सांग. रडू आलं तर आवरू नकोस. इम्पॅक्ट होतो त्याचा."

मग शेजारच्या गोऱ्या बाईंना माझी ओळख करून दिली, "शी क्लीन्स फॉर सिक पीपल."

मी नागपूरची नर्स. अकरा वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. इथे ते शिक्षण चालत नाही, म्हणून केअरगिव्हर. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते. पहिल्या भेटीत काकांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा ऐकून "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" मी शाळेपासून ओळखते.

ज्यांची खोली मी पुसली ते मिस्टर रे. जन्मभर शाळेची बस चालवली. शेवटी स्नायू झिजत चाललेले, घास गिळता येत नव्हता. त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारलं, शांतपणे जायचं काही औषध मिळेल का. डॉक्टर म्हणाला, या राज्यात तसा कायदा नाही. हातात एक पत्रक दिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

त्याच आठवड्यात मोजे ठेवताना मला ड्रॉवरमध्ये पिस्तूल दिसलं. मी एजन्सीला फोन केला. सुपरवायझर म्हणाली, "हात लावू नकोस. ती त्यांची प्रॉपर्टी आहे." मी ड्रॉवर लोटला. नोकरी होती ना.

बारा दिवसांनी मी स्वयंपाकघरात सूप गाळत होते, तेव्हा आवाज आला.

त्यांना खरंच मरायचं होतं का? मला माहीत नाही. रविवारी मुलगी येणार म्हणून आदल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली होती. त्यांच्याजवळ बसून कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"पण काका, ते बंदुकीनेच गेले," मी म्हटलं.

"समितीत बंदूकवाले आहेत. त्यांची मतं लागतात आपल्याला. तुला यातलं पॉलिटिक्स नाही कळायचं."

खरंय. मला नाही कळत. ज्यांनी कधी मेलेल्या माणसाचं अंथरूण काढलं नाही, त्यांनाच ते कळतं.

आम्हाला आत बोलावलं, तेव्हा समितीचा एक सदस्य बोलत होता. आयुष्य ही देवाची देणगी, ती संपवायचा हक्क कुणालाच नाही. त्याच्या कोटावर छोटीशी सोनेरी बंदूक टाचलेली होती. डॉक्टरकाका आदराने मान डोलवत होते.

माझं नाव पुकारलं. मी वाचायला लागले. खोडलेल्या ओळींपाशी थांबले. काका समोरच बसले होते, रडण्याची वाट बघत.

मी खोडलेलंच वाचलं. त्यांनी औषध मागितलं, कायदा नाही म्हणाला. त्यांच्या ड्रॉवरमध्ये बंदूक होती, तिला कुणीच नाही म्हणालं नाही.

सोनेरी बंदूकवाला फोनमधून मान वर न करता म्हणाला, "मॅम, दॅट्स अ डिफरंट बिल."

"सेम मॅन, सर," मी म्हटलं.

मग बेल वाजली. माझी वेळ संपली होती.

बाहेर काकांचा चेहरा लाल. "घात केलास. मी आणलं तुला इथे."

"रडायला आणलं होतंत," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना काका म्हटलं नाही.

त्यांच्या गाडीत मला जागा उरली नाही. मी बसने घरी गेले. बिल समितीतच पडून राहिलं. मंडळात सगळ्यांना सांगतात, त्या बाईमुळे. सांगू देत. भित्र्यांना कुणीतरी बाई लागतेच.

पुढच्या महिन्यात बंदुका कुलपात ठेवण्याच्या बिलावर सुनावणी होती. मी एका दिवसाचा पगार सोडला आणि गेले. कुणी आणलं नव्हतं. साक्षीदाराच्या फॉर्मवर एक रकाना असतो, कुणाच्या वतीने बोलणार. तिथे मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट. प्रत्येक सुनावणीला तेच लिहिणार आहे.