वारसाच्या खुर्चीत वाचनकाका

अंतराळात सहलीला जाणाऱ्यांना आधी धोक्यांचा कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. ते काम वाचनकाकांचं. मी समोर कॅमेरा धरते, म्हणजे उद्या कोर्टात कुणी कानावर हात ठेवायला नको.

कागदात 'प्रवासी' हा शब्दच नाही. प्रवाशाला हक्क असतात, म्हणून 'सहभागी'. कंपनीच्या वकीलसाहेबांचं डोकं, दुसरं काय! जीव गेला तर वारसांनी दावा करायचा नाही, हेही त्यातच. त्यासाठी एक वारस शेजारी बसवतात. त्याला पटलं का, हे कुणी विचारत नाही. समजलं का, एवढंच.

काका पूर्वी बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. मरणाचं कलमसुद्धा ते इतक्या गोड आवाजात वाचायचे की माणसं जांभया देत सह्या करायची. घाबरून उठून गेलेला एकही माणूस मला आठवत नाही.

मग काकांची लेकच आली. सोडतीत तिला फुकट जागा लागली होती. काकांनी समजावून, रागावून, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मला म्हणाले, "मीच वाचतो. ऐकून तरी घाबरेल."

तिला आई नव्हती, त्यामुळे वारसाच्या खुर्चीतही काकाच.

"सहभागीचा मृत्यू..." काका थांबले. तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "मृत्यू, बाळा."

"काका, पदरचं घालायचं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मन वळवलंत तर संमती बाद. पहिल्यापासून वाचा."

"बाद झाली तर जाणार नाही ना ती?"

"जाईल हो. दुसरं कुणीतरी वाचेल."

काकांनी पुन्हा सुरुवात केली. आवाज आपसूक जुन्या, गोड वळणावर गेला. मला त्यांचा रागही आला आणि रडूही. लेक गालाला हात लावून ऐकत होती.

"बाबा, किती छान वाचता तुम्ही!"

"तुम्हाला हे सगळं समजलं का?" पोटच्या पोरीला त्यांनी नियमाप्रमाणे अहोजाहो केलं.

"समजलं," ती हसत म्हणाली.

मग वारसाची पाळी. काकांनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तराला नुसते ओठ हलले. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगायचं काम माझं होतं.

"काका," मी म्हणाले, "आवाज नाही आला. जरा मोठ्याने."