माझ्या लाल शाईने बोलावलेला साहेब

बाळांनो, परवा तुमच्या आईने तुमच्या शाळेचा रंगीत अहवाल पाठवला. किती मुली, किती मुलगे, कुणाच्या घरी कोणती भाषा, कोण गणितात मागे, सगळं गोलाकार चित्रांत. खाली धाकटीचा प्रश्न होता, आजी, तुमच्या शाळेत असं काही होतं का? होतं. आणि त्या कागदापायी मी एक वर्ग जवळजवळ बुडवला होता. ही गोष्ट तुमच्या आईलाही नीट माहीत नाही. मला अजून सगळं जिथल्या तिथे आठवतंय तोवर लिहून ठेवते.

मी तेव्हा रेणापूरजवळच्या एका गावात सातवीपर्यंतच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची. स्वतः हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे प्रत्येक कागदाला पट्टीने समास आखल्याशिवाय मला चैन पडत नसे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेरीत अजून कपाटं आली नव्हती, पण तक्ते मागवणं सुरू झालं होतं: वर्गाचा पट, हजर किती, जात कोणती, वडिलांचा धंदा काय, निकाल कसा.

त्या साली पाऊस झाला नव्हता. गावाबाहेर दुष्काळी कामावर तलाव खोदायला सुरुवात झाली होती आणि सारं गाव तिथे होतं. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात साठ एकरांचा मालक आणि बिनजमिनीचा माणूस, दोघांपुढे मी एकच शब्द लिहिला, ‘तलाव’. सातवीचा पट सव्वीस, हजर अकरा. अकराचा आकडा मी लाल शाईने लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. वीसच्या खाली हजेरी असलेला वर्ग बंद होईल, शिक्षणाधिकारी साहेब स्वतः पाहणीला येतील.

आमचे मुख्याध्यापक कपाळावर भस्माचे पट्टे ओढून येत आणि कुणावर रागवायचं झालं तर आधी चष्मा पुसत. त्या दिवशी चष्मा बराच वेळ पुसला गेला.

“बाई, बाकीच्या शाळांत तरी कुठं पोरं हायत? पण त्यांनी लिहिलेलं कुणाला वाचता येत न्हाई. तुमच्या अक्षरानं घात केला.”

घात खराच होता. त्यानंतरची जवळची सातवी दुसऱ्या गावात, नदीपलीकडे. मुलगे गेले असते. आमच्या वर्गात नऊ मुली होत्या, त्यांतली एकही गेली नसती. पहिल्या नंबरच्या मुलीने तर मला तोंडावर सांगितलं होतं, बाई, वर्ग मोडला की माझं लगीन.

मी तलावावर गेले आणि आयांना म्हटलं, पोरं शाळेत पाठवा. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, मग घमेली तुमी उचला. त्यात आणखी एक गोम होती. कामावर अठराच्या खालचं कुणी घेत नसत, म्हणून तलावावरची माझी पंधरा पोरं मुकादमाच्या हजेरीत अठरा वर्षांची होती.

मग मी वर्गच तिकडे नेला. शाळेत येणारी अकरा पोरंही बरोबर. दुपारी भाकरीची सुट्टी व्हायची, तेव्हा बाभळीखाली फळा टेकवायचा आणि सुरू. समोर जे चाललंय त्याचंच इंग्रजी. मी खोदते आहे, तू खोदतो आहेस, आम्ही खोदत आहोत. आया भाकरी खाता खाता ऐकायच्या. चौथ्या दिवशी त्याही म्हणायला लागल्या. जी म्हणायची नाही तिच्यावर मी ओरडायची, सवयीने.

साहेब आले ते नेमके सुट्टीच्या वेळी. मुख्याध्यापक त्यांना ढेकळांतून घेऊन आले, माझ्याकडे न बघता. साहेबांनी घाम पुसला आणि थेट इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करत आहात?

“वुई आर डिगिंग,” बाभळीखालून एका सुरात उत्तर आलं. त्यात पोरं होती, आया होत्या, पागोटेवाले दोन म्हातारेही होते.

साहेब माझ्याकडे वळले. “बाई, यातले विद्यार्थी कोण?”

शेजारी मुकादम वही घेऊन उभा. कामावरची पोरं उठली तर त्यांचं काम जातं, बसून राहिली तर वर्ग जातो. पहिल्या नंबरची ती मुलगी उठायला लागली, तेवढ्यात तिच्या आईने परकर धरून तिला खाली ओढलं. शेवटी एक म्हातारी भाकरीचा तुकडा हातात घेऊन म्हणाली, “समदेच हाव, साहेब. न्हाई बसलं तर ह्या बाई लई वरडत्यात.”

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बोटाने सगळ्यांना मोजलं. दोन्ही म्हातारे धरून चाळीसच्या वर भरले. त्यांनी माझ्या तक्त्यावर शेरा लिहिला, हजेरी समाधानकारक, वर्ग चालू ठेवावा. शेजारचा वयाचा रकाना मोकळा होता. मी तो भरायला पेन उघडलं तर त्यांनी माझ्या हातातून तक्ताच काढून घेतला.

“हा रकाना राहू द्या. तुमचं अक्षर फार वाचता येतं.”

जाताना त्या म्हातारीला त्यांनी नमस्कार केला. तिने त्यांना भाकरी दिली आणि ती त्यांनी उभ्यानेच खाल्ली.

वार्षिक परीक्षेत सातवी इंग्रजीत सगळी पास झाली आणि गणितात निम्मी आडवी. गणित मुख्याध्यापकांकडे होतं आणि धोतराला माती लागते म्हणून ते तलावावर शिकवायला कधी आले नाहीत. हे मी निकालाच्या तक्त्यात लिहिणार होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणून नाही लिहिलं.

पहिल्या नंबरची मुलगी पास झाली. तिचं लग्न पुढे झालं, पण तीन वर्षांनी. बाभूळ तोडली, तलावात एकाआड एक वर्षी पाणी असतं. सातवीचा तो वर्ग अजून भरतो.