थोरलीचा वारा

विजू गेल्याचा फोन मिलिंदनं केला, पौडच्या दवाखान्यातून. मी सूसला माझ्या वर्कशॉपमध्ये पडद्याचं कापड बेतत होते. बोलता बोलता तो एक वाक्य म्हणाला आणि मी कात्री खाली ठेवली. ‘ताई, वारा जोरात होता, तरी त्यानं थोरली मागितली...’ भाऊ गेल्याचं कळल्यावर माणसाला आधी रडू यावं. माझ्या मनात आधी आलं ते हे, की हा खोटं बोलतोय.

थोरली म्हणजे पतंग. संक्रांतीचा कागदी नव्हे. पॅराशूटच्या कापडाचा, चार दोऱ्यांचा, माणसाला ओढून नेणारा. विजू इंजिनिअर. कंपनीच्या कामानं १९९९ साली युरोपात गेला, तिथं समुद्रकाठी त्यानं लोकांना तीनचाकी बुटक्या बग्गीत बसून, नाहीतर चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून असल्या पतंगांमागं धावताना पाहिलं आणि येताना एक पतंग घेऊनच आला. पुढं आणखी दोन आले. उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी मागं सरलं की तळाची सपाट, टणक जमीन उघडी पडते. मार्च ते मे, दर रविवारी तो आणि त्याच्या ऑफिसातला मिलिंद जीप घेऊन तिथं. आम्हा तीन बहिणींवरून त्यानं पतंगांना नावं दिली होती. सगळ्यात लहान, तापट, गरागरा वळणारा तो धाकटी. मधला मधली. आणि सगळ्यात मोठा, निळा, तो थोरली, म्हणजे मी. ‘वळायला वेळ लावते, पण एकदा ओढायला लागली की ऐकत नाही,’ असं तो माझ्या नवऱ्यासमोर सांगायचा आणि दोघं हसायचे.

मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. पण पतंग फाटले की शिवायला माझ्याकडेच यायचे, आणि कापड कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय मी त्यात सुई घालत नाही. त्यामुळं बरंच कळत गेलं. नवख्याला वाटतं, वारा मोठा तर पतंग मोठा. आहे उलटं. झुळूक असेल तर मोठा पतंग, कारण कमी वाऱ्यात ओढ हवी तर कापड जास्त लागतं. वारा चढला की लहान. बग्गीत माणूस खाली बसलेला, तो लवकर उचलला जात नाही. फळीवर उभा असलेला जातो, म्हणून फळीला विजू आणखी एक पायरी लहान पतंग घ्यायचा. मुळशीला दुपारनंतर घाटाकडून येणारा वारा धक्के देत येतो. मधेच पडतो, मधेच अंगावर येतो. ‘वाऱ्याच्या स्वभावावर पतंग निवडायचा नाही, त्याच्या रागावर निवडायचा,’ हे विजूचं वाक्य. असला माणूस जोराच्या वाऱ्यात थोरली मागेल? मला पटेना.

आणखी एक सवय होती त्याची. रविवारी निघण्याआधी फोन करायचा. ‘थोरले, आज कोण?’ मी खिडकीतून गच्चीवरच्या दोरीकडे बघायची. रुमाल हलतात आणि चादर गप्प आहे, तर थोरली. चादर फुगते आणि परत अंग टाकते, तर मधली. चादर आडवी झाली, तर धाकटी. मुळशीचा वारा सूसच्या दोरीवर कसा कळणार, हे मी त्याला विचारलं होतं. ‘कळत नाहीच. पण तुझं ऐकून निघालं की बरं वाटतं,’ म्हणाला. त्या रविवारी चादर आडवी होती. मी म्हटलं, ‘धाकटी ने. बाकीच्यांनी घरी बसायचं.’ तो हसला. ‘थोरली बसते होय घरी?’ आणि तिन्ही पतंग जीपमध्ये टाकून गेला.

डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. अंगावर खरचटल्याचीसुद्धा खूण नव्हती. पण जीपच्या मागं निळा पतंग कसाबसा कोंबलेला होता, पिशवीबाहेर, मातीनं भरलेला. म्हणजे तो उघडला होता. कुणी? विजू दुसऱ्याला पतंग उघडू देत नसे. शिवाय तळ्याकाठचा एक रिसॉर्टवाला त्या दोघांच्या मागं लागला होता, पाहुण्यांना हे खेळायला द्या म्हणून. मिलिंदचं मन होतं. विजू एकच म्हणायचा, ‘मी पाहुण्यांना वाऱ्यावर सोडणार नाही.’ मी दोन अधिक दोन चार केले. रिसॉर्टवाल्याला खेळ दाखवायचा होता, मोठा पतंग मोठा दिसतो, मिलिंदनं गळ घातली, विजूच्या छातीवर ताण आला... दहनाच्या वेळी मिलिंद माझ्या नजरेला नजर देत नव्हता, तेही मी टिपून ठेवलं. तेराव्याला मी दोघी बहिणींना सांगितलं, मी पोलिसांत जाणार. मधली म्हणाली, ‘थोरले, मिलिंद बरा आहे गं.’ मी म्हटलं, ‘बऱ्या माणसांचंच खोटं खपतं.’

पण जाण्याआधी जागा बघावी म्हणून पुढच्या रविवारी मिलिंदलाच गाडी काढायला लावली. धरणाच्या तळात हौसाबाई म्हशी चारत होत्या. त्या रोजच्याच तिथल्या, विजूला ‘पतंगवाले’ म्हणायच्या. मी रिसॉर्टच्या माणसांबद्दल विचारलं.

‘कुनी न्हाई आलं. ही दोघंच व्हती. पतंगवालं त्या गाड्यात बसलं व्हतं. डोईचं टोपडं काढून मांडीव ठिवलेलं. हातमोजं बी काढलं व्हतं. मला वाटलं, दमल्यात.’

‘आणि पतंग?’

‘बारका लाल व्हता, त्यो गुंडाळून ठिवला व्हता कवाच. मंग ह्यो जीपकडं पळाला न् निळं धूड घिऊन आला. मी म्हनलं, येवढ्या वाऱ्यात काय करतोय ह्यो येडा? लई वारा व्हता, बाई. म्हशीबी पाठ करून हुब्या व्हत्या.’

मिलिंद खाली बघत उभा होता. हेल्मेट आणि हातमोजे काढलेला माणूस आणखी मोठा पतंग कशाला मागेल? मी त्याला म्हटलं, ‘तो काय म्हणाला, शब्दाला शब्द सांग.’

‘सांगितलंय ना, ताई. थोरली मागितली.’

‘ते तुझं झालं. त्याचं सांग.’

तो म्हणाला, ‘जीपकडे हात केला... आणि म्हणाला, थोरलीला...’

‘थोरलीला काय?’

‘एवढंच. दोनदा. थोरलीला... थोरलीला. मला वाटलं काढायला सांगतोय. तो सांगेल ते मी दहा वर्षं करत आलो, ताई. मी पिशवी आणली, उघडायला लागलो, ती हातात राहीना, वाऱ्यानं ओढायला लागली... वळून बघितलं तर तो एका बाजूला कलला होता.’

जीपमध्ये पतंग होते. जीपमध्येच विजूचा फोनही होता. बग्गीत तो कधी नेत नसे. मी म्हटलं, ‘मिलिंद, “थोरली काढ” म्हणतात. “थोरलीला” माणसाला म्हणतात.’ त्याला कळायला वेळ लागला. चारचौघांत विजू मला ताई म्हणायचा; मिलिंदनं ‘थोरली’ ऐकली होती ती फक्त पतंगाची. कळलं तसा तो तिथंच मातीत बसला. हौसाबाईंनी त्याला पाणी दिलं. मी दिलं नाही, मला सुचलं नाही.

परत येताना तो म्हणाला, ‘पण आम्ही तिलाही माणसासारखंच बोलायचो, ताई. “थोरलीला उठव” वगैरे...’ असेलही. ‘ला’ या एका अक्षरावर किती भार टाकायचा, हे मलाही ठरवता येत नाही. फोन लावायला वरच्या रस्त्यावर जावं लागतं, खाली रेंज नाही. मिलिंदनं फोन लावला असता तरी मी सूसहून काय करणार होते? डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता. डॉक्टर घरच्यांना असंच सांगतात, हेही मला माहीत आहे. पण मिलिंद खोटं बोलला नव्हता. पोलिसांत जायचं मी सोडलं, बहिणींना फोन करून माझं चुकल्याचं सांगितलं. हा लेख पाठवण्याआधी त्याला घरी बोलावून वाचून दाखवला. ‘छापा,’ म्हणाला, आणि कपातला चहा तसाच ठेवून गेला.

धाकटी आणि मधली मी त्याला दिल्या. निळा पतंग माझ्याकडे आहे. कडेला दगडावर घासून फाटला होता. धुतला, ठिगळ लावलं, दुहेरी शिवण घातली आणि वर्कशॉपच्या माळ्यावर ठेवला. रविवारी सकाळी मान आपोआप खिडकीकडे वळते. आज दोरीवरची चादर आडवी झाली आहे. धाकटीचा वारा. थोरलीनं घरी बसायचं.