पिठातले आणि तांदळातले

तांदळातले सोंडे वेगळे आणि पिठातले तांबडे किडे वेगळे, हे माझी सासू मानत नाही. तिच्या लेखी किडा सुनेच्या माहेरूनच येतो.

लवकर येणारा हलका धान निघाला की माझी आई एकोडीहून लाखांदूरला, माझ्या सासरी, नव्या तांदळाचं पोतं आणून देते. यंदाही तिनं चाळून, निवडून आणलं. पुढे दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला ती पुन्हा आली, तेव्हा सासूनं तोच तांदूळ पाहुण्यांसमोर अंगणात चादरीवर पसरला.

"पाहा इहीणबाई, तुमच्या घरचे सोंडे," ती म्हणाली. "आता हे कोंबड्यायले टाकतो."

आई खाली मान घालून बसली. माझं डोकं फिरलं.

मी चादरीवरचा एक किडा तळहातावर घेतला. सोंडा काळपट असतो, त्याला पुढे सोंड असते, अख्खा दाणा पोखरून तो आतच संसार मांडतो. हा तांबडा होता, बिनसोंडेचा. याला अख्खा दाणा फुटत नाही. हा पिठात नाहीतर कणीत राहतो आणि तेच खातो. आईच्या तांदळात एका दाण्याला भोक नव्हतं.

आमच्याकडे पिठाचा डबा कधी रिकामा करत नाहीत. तळ दिसला की बरकत जाते, म्हणून सासू जुन्या पिठावर नवं ओतत राहते. तळाचं पीठ माझ्या लग्नाआधीचं असावं. त्यातलाच मापाचा पेला ती तसाच तांदळात खुपसते.

मी डबा उचलून आणला आणि सगळ्यांसमोर चादरीशेजारी पालथा केला. तळाचं पीठ जाळी धरून ढेकळासारखं पडलं आणि त्यातून तेच तांबडे किडे चहूकडे पळाले. सासूचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

आई उठली. तिनं केरसुणी घेतली, पीठ गोळा केलं आणि सासूच्या पायाला हात लावला.

"पोरीचं मनावर घेऊ नका इहीणबाई. तांदूळ माह्याच घरून खराब आला."

तिला बसवर सोडायला गेले तेव्हा मी भांडले. कायले खोटं बोलली, म्हणून विचारलं.

"मलेबी दिसत होतं ना व, किडे कुठचे हायेत ते," ती म्हणाली. "पण मी आता बसनं चालली. तुले त्याच घरी जाऊन सैपाक कराचा हाये."

बस निघून गेली. मी घरी आले, तेव्हा सासूनं चूल पेटवली नव्हती. ती माझी वाट पाहत होती.